भाजी कोणाची?

कापूस आला की मला माझ्या अक्षराची लाज वाटते.

यंदाही आला. बडनेऱ्याच्या पुढे रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकलेत. ट्रॉल्या इतक्या टम्म भरून जातात की जाता जाता प्रत्येक काटेरी फांदी आपला वाटा काढून घेते. लहानपणी मी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून ते पुंजके ओढायचा प्रयत्न करायचे आणि कंडक्टरच्या शिव्या खायचे. आता मी खिडकी लावून घेते. तरी मूर्तिजापूर येईपर्यंत सरकीचा तो तेलकट, जरासा आंबूस वास फटीतून आत येतोच. आला की मला भिंतीला लागून मांडलेली टेबलं दिसतात, टेबलांवरचे डबे दिसतात, आणि प्रत्येक डब्यासमोर उभी केलेली पिवळी चिठ्ठी दिसते. चिठ्ठ्यांवरचं अक्षर गोल, ठसठशीत. दहा पावलांवरून वाचता येईल असं. ते अक्षर माझं आहे.

ते बाबांनी घडवलं. अमरावतीत आमचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका पोटासाठी छापायच्या आणि पत्रकं जिवासाठी. सफाई कामगारांची पत्रकं, विडी वळणाऱ्या बायकांची पत्रकं, वसतिगृहातल्या मुलांच्या अडलेल्या शिष्यवृत्तीची पत्रकं. अंकलिपी हातात यायच्या आधी मी 'जाहीर निषेध' वाचायला शिकले. दुपारी कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपायचे आणि उठायचे तेव्हा गालावर शाईचं उलटं अक्षर उमटलेलं असायचं. आमच्या घरात गप्प बसणं हा दोष धरला जाई. बाबा म्हणत, "ज्याचं नाव कागदावर येत नाही, त्याचा हक्क आधी बुडतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते मला हवेसारखं वाटायचं. त्यातही कुठे भोक असू शकतं, असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

अकोल्याच्या त्या जिनिंग फॅक्टरीत मी लागले ते हे वाक्य घेऊनच. जागेचं नाव मोठं होतं, कामगार कल्याण सहायक. काम असं की दिवाळीपासून होळीपर्यंतचा हंगाम चालू असताना कामगारांच्या पिण्याच्या पाण्याकडे, तोंडाला बांधायच्या फडक्यांकडे, संडासांकडे लक्ष द्यायचं आणि त्याचे कागद भरायचे. रुई विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीने अट घातली म्हणून ही जागा काढलेली. मालकाला माझी गरज नव्हती आणि मला ते ठाऊक होतं. पण बारा बायकांना माझी गरज आहे, अशी माझी खात्री होती.

या बारा जणी पट्ट्यावर काम करायच्या. कापूस यंत्रात जाण्याआधी एका लांब सरकत्या पट्ट्यावरून जातो. दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून त्यातला कचरा वेचतात. वाळकं पान, काडी, पोत्याचा रंगीत धागा, पुडीचा तुकडा. पांढऱ्यात पांढरं नसलेलं जे काही असेल ते चिमटीने उचलून मागच्या टोपलीत टाकायचं. दिवसभर. बोटांना सवय इतकी की बोलताना, हसतानाही ती थांबत नसत. संध्याकाळी सगळ्यांच्या पापण्यांवर, भुवयांवर तंतू बसलेले असत, आणि विशीतली प्रतिभा आणि साठीची लीलाबाई सारख्याच वयाच्या दिसत.

दुपारी एकचा भोंगा झाला की काला.

त्या काल्याविषयी नीट सांगितलं पाहिजे. सकाळी आल्या आल्या प्रत्येक जण आपला भाजीचा डबा शेडच्या मागच्या ओट्यावर ठेवी. सगळे डबे स्टीलचे, सारखेच, बाजारात मिळतात तसले, कोणावरही नाव नाही. एकच्या सुमाराला जिची पाळी असेल ती पाच मिनिटं आधी सुटायची, बाकीच्या नळावर हातपाय धूत असताना सगळे डबे एका मोठ्या जर्मनच्या परातीत ओतायची आणि हाताने कालवायची. अंबाडी, सोल्याची भाजी, वांगं, पातोडीचा रस्सा, बेसन, ठेचा, सगळं एकत्र. मग गोल करून बसायचं. भाकर ज्याची त्याची, भाजी परातीतली. ती चव मी कुठल्याही घरात चाखलेली नाही. रोज निराळी, आणि रोज तीच.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "यात लवंगेच्या वासाचं वांगं आहे ना? फार सुरेख झालंय. कोणाचं?"

बारा घास हवेत थांबले.

सगळ्यांच्या आधी प्रतिभा हसली. "मॅडम, काल्याले आधार कार्ड नसते. खा गुपचूप."

लीलाबाईंनी माझ्या भाकरीवर आणखी भाजी वाढली. त्या कुणब्याच्या घरच्या, चार एकर काळ्या जमिनीच्या मालकीण. शेतातली वेचणी उरकली की हंगामापुरत्या पट्ट्यावर यायच्या, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावायच्या. "पोरी," त्या म्हणाल्या, "इथं कोनाचं म्हनून इचारत नाई. पोट भरलं का, येवढं इचारावं."

माझी पाळी आली तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली. एकेक डबा उघडून ओतत गेले. सातवा की आठवा डबा उघडला तर आत काहीच नाही. घासून पुसून लख्ख केलेला, घट्ट झाकण लावून रांगेत ठेवलेला रिकामा डबा. मी झाकण पुन्हा लावलं आणि पुढचा उचलला. पंधरवड्याने पुन्हा पाळी आली, तेव्हाही एक डबा रिकामा होता. तो कोणाचा, हे मला आजही माहीत नाही. त्या हंगामात शहाण्यासारखी वागले असेन तर एवढ्याच बाबतीत.

बाकी सगळं मी उलटं वाचलं. गोल बसलेल्या त्या बायकांमध्ये मराठा, कुणबी, बौद्ध, मुसलमान, बेलदार अशा सगळ्या होत्या. मला तर ते अद्भुत वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्यापाठोपाठ राग आला. या बोलत का नाहीत? बारा जणींतली शमीम आपा आपली भाजी आपली म्हणून का सांगत नाही? मला त्या शांततेत दबलेपण दिसलं. सगळ्यांचं एकत्र कालवलं की दुबळ्याची चव पुसली जाते, असं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. वाक्य टाळीचं होतं. मी ते बाबांना फोनवर वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "पत्रकात चालेल."

शमीम आपा पट्ट्याच्या अगदी टोकाला उभी राही. जुन्या शहरातली, पिंजाऱ्यांच्या घरची सून. बोलायची कमी. लवंगेचं वांगं तिचं, हे मी शोधून काढलं होतं. फार हुशारी लागली नाही. लीलाबाई त्या वांग्यावर लट्टू होत्या. "बाप्पा, ज्या बाईनं हे केलं तिच्या हातात सोन्याचं कडं घालाव," असं त्या दर आठवड्याला म्हणायच्या. त्या म्हणाल्या की शमीम आपा मान खाली घालून आपल्या भाकरीचा तुकडा उगीच बारीक बारीक करत बसायची. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या तिच्या. मला वाटायचं, हिला हे कौतुक उघडपणे घेता येत नाही. केवढा हा अन्याय! आज वाटतं, ती ते पुरेपूर घेत होती. आठवड्यातून एकदा, सगळ्यांच्या देखत, कोणाला न दिसता.

जानेवारीत खरेदीदार कंपनीचं पत्र आलं. कामगारांमधली सांस्कृतिक विविधता साजरी करा, वारसा दिवस ठेवा, आमची माणसं येतील, फोटो घेतील. मॅनेजर कपाळाला हात लावून बसले. "आता हे काय नवीन? बुवा, चहा-समोसे वाटू अन् मोकळे होऊ."

मी म्हटलं, "सर, हे माझ्यावर सोपवा."

ते दोन आठवडे मी हवेत होते. हे खोटं सांगत नाही, मला फार आनंद झाला होता. प्रत्येकीचा डबा वेगळ्या टेबलावर, समोर तिचं नाव, गाव, समाज लिहिलेली चिठ्ठी; अखेर या बायकांची नावं कागदावर येणार होती. मी एक पत्रक लिहिलं, बाबांनी ते अमरावतीहून पिवळ्या कागदावर छापून पाठवलं. 'तुमच्या हाताला चव आहे आणि चवीला नाव आहे. ते झाकू नका.' कापसाच्या गंजीवर उभं राहून मी ते मोठ्याने वाचलं. टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा.

प्रतिभा जेवणानंतर माझ्यापाशी आली. तिच्याशी माझं जमायचं. दोघी एकाच वयाच्या, आणि दोघींच्या घरांत भिंतीवर एकच तसबीर. "ताई, चिठ्ठ्या कावून लावून राहिल्या?" तिने विचारलं.

"तूच विचारतेस? आपण ताठ मानेने सांगायला नको का आपण कोण आहोत ते?"

"सांगतो ना. जयंतीले माहा भाऊ ट्रकवर निळा झेंडा घेऊन उभा राहते, आन् मी खाली नाचते. सारं अकोला पाहते. पन कवा सांगाचं, कुठी सांगाचं, ते आमी ठरवतो. जेवाच्या टायमाले कोनी इचारलं त मी म्हनतो, तुले का करा लागते?"

मी तिला अर्धा तास समजावलं. माझ्याकडे मुद्दे पुष्कळ होते. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "बोलता तुमी चांगल्या," आणि पट्ट्यावर गेली. मला वाटलं, पटलं.

शमीम आपाच्या घरी मी तिला तयार करायला गेले. मोर्णा नदीच्या बाजूला अरुंद बोळातलं घर. आत भिंतीला एक पिंजण टांगलेलं. माणसाहून लांब, लाकडी, धनुष्यासारखं, त्याला ताठ तात, आतड्याची दोरी. तिचे सासरे ते खांद्यावर टाकून हिवाळ्यात गावोगाव फिरायचे, गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचे. अचलपूर-परतवाड्यापर्यंत जायचे. माझे डोळे चमकले. कापसाच्या कारखान्यात कापसाच्या कामाचा असा वारसा! मी म्हटलं, "आपा, हे आणाल?"

तिने पिंजणावरून पदराने धूळ पुसली. "आनतो ना, बेटा. हे आमचं हाये. दाखवतो सगळ्याले." मग मला चहाचा कप देत, "पर भाजीवर चिठ्ठी नोको लावू. भाजी काल्याची हाये."

हे मी एकीखेरीज अजून कोणाला सांगितलेलं नाही. वारसा दिवशी जे झालं त्याबद्दल कोणी विचारलं की मी सांगते, आमचा अंदाज चुकला, कंपनीच्या लोकांना कळलं नाही, मॅनेजरांनी फोटो ग्रुपवर टाकायला नको होते. सगळं खरं आहे. पण शमीम आपाने 'नको' म्हटलं होतं. स्वच्छ शब्दांत, तिच्या स्वतःच्या घरात बसून, मला चहा देताना. मी मान डोलावली होती. आणि त्या दिवशी सकाळी ती हात धुवायला नळावर गेली, तेव्हा मी तिची चिठ्ठी खिशातून काढून डब्यापुढे उभी केली. आदल्या रात्रीच लिहून ठेवली होती. सगळ्यांत सुंदर अक्षर त्या चिठ्ठीवर होतं. 'शमीम बी. अकोला. पिंजारी मुस्लिम. लवंगेचं वांगं.' मला वाटलं, ती घाबरतेय. मी तिच्या वतीने धीट झाले.

त्या दिवसातलं चांगलंही सांगितलं पाहिजे, नाहीतर तेही खोटंच होईल. शेडमध्ये पताका होत्या, ऊन तिरपं येत होतं आणि उन्हात रुईचे कण तरंगत होते. शमीम आपाने पिंजण छताच्या दोरीला टांगलं, खाली मूठभर कापूस ठेवला आणि लाकडी मुठीने तात छेडली. टण्ण. मग लागोपाठ टण्ण, टण्ण, धुन्न. कापूस उडाला, फुगला, हातभर उंच झाला. यंत्रावरचे कामगार येऊन उभे राहिले. एक म्हातारा हमाल म्हणाला, "लहानपनी आमच्या दारात वाजे हे!" आणि त्याने डोळे पुसले. शमीम आपा हसत होती, पदर खांद्यावर पडलेला, केसांत कापूस. मी तिला तशी कधीच पाहिली नव्हती. तिथेच थांबलो असतो तर तो दिवस सगळ्यांना आयुष्यभर पुरला असता.

मग कंपनीचे पाहुणे टेबलांकडे वळले.

बारापैकी तीन टेबलांवर चिठ्ठीच होती, डबा नव्हता. त्या तिघी त्या दिवशी कामावर आल्याच नाहीत. का आल्या नाहीत, हे विचारायची तेव्हा मला गरज वाटली नाही. रोज रांगेत ठेवता येणारा रिकामा डबा नाव लावून टेबलावर ठेवता येत नाही, हे मला फार पुढे कळलं.

कॅमेरा घेतलेली मुलगी एकेक चिठ्ठी वाचत, "किती सुंदर, किती सुंदर," म्हणत शमीम आपाच्या टेबलापाशी आली. तिने घास घेतला, डोळे मिटले. मग शेजारच्या टेबलावरच्या लीलाबाईंचं कुंकू, नऊवारी, हातातल्या हिरव्या बांगड्या पाहून तिला कल्पना सुचली. "आजी, तुम्ही या ना इकडे. या ताईंच्या हातचा घास खा. छान फोटो येईल."

लीलाबाई आल्या. शमीम आपाने वांग्याचा घास भाकरीत घेऊन हात पुढे केला. नऊ हंगाम लीलाबाईंनी ते वांगं खाल्लं होतं. परातीतून निवडून खाल्लं होतं. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, समोर जमलेल्या लोकांकडे पाहिलं, वर धरलेल्या मोबाइलांकडे पाहिलं. आणि तोंड उघडण्याआधी त्या थांबल्या. फार नाही, एक श्वास घ्यायला लागतो तेवढ्या.

मग त्यांनी घास खाल्ला. टाळ्या झाल्या. फोटो निघाला.

पण तो थांबलेला क्षण शमीम आपाच्या पसरलेल्या हाताने पाहिला होता. तिने हात मागे घेतला, पदराला पुसला, पदर डोक्यावर घेतला. मी अगदी समोर उभी होते. मी टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर नऊ डबे होते. चौथ्या दिवशी पाच. प्रतिभाने पाच डबे परातीत ओतले, तर परातीचा तळसुद्धा झाकला नाही. आठवड्याने परात ओट्याखाली उलटी पडली आणि बायका दोघी-तिघींचे घोळके करून आपापल्या झाकणात भाजी घेऊन जेवू लागल्या. भांडण नाही, टोमणा नाही. पट्ट्यावर गप्पा तशाच. फक्त एक वाजता एकमेकींकडे पाठी. शमीम आपा बॉयलरच्या मागे जाऊन जेवायची. मी एकदा तिच्याजवळ जाऊन बसले. तिने डबा मिटला. "झालं माहं, बेटा," ती म्हणाली. डबा भरलेला होता.

लीलाबाईंना मी नळावर गाठलं. मला राग आला होता, खरं सांगते. सगळा राग त्यांच्यावर काढायला मी तयार होते. "नऊ वर्षं खाल्लंत," मी म्हटलं, "आणि चिठ्ठी वाचून तुम्हाला विटाळ झाला?"

त्यांनी हंडा खाली ठेवला. "मले का माहीत नव्हतं का वो? आमच्या वांग्यात गूळ पडते. तिच्या वांग्यात लवंग पडते. साठ वर्साची जीभ हाये माही, तिले कळत नाई का?"

त्यांनी नळ बंद केला.

"मले माहीत होतं. तिले माहीत होतं का मले माहीत हाये. नऊ वर्सं दोघी मिळून सांभाळलं आमी थे. आता फोटोत आलं. दिराच्या पोरानं साऱ्या गावाले मोबाइल दाखवला. मोठी माय त्यायच्या हातचं खाते म्हने. नातनीची सोयरिक चालू हाये माह्या. सांग, आता मी काय करू?" हंडा पुन्हा उचलताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आन् तिच्यापुढं मी थांबली ना पोरी, थे मले रोज दिसते. गावाले मी तोंड देईन. तिले कसं देऊ?"

आमच्या छापखान्यात त्याला उत्तर देणारं पत्रक कधी छापलं गेलं नव्हतं.

होळीला हंगाम संपला, मी अमरावतीला परत आले. पुढच्या हंगामाला शमीम आपा पट्ट्यावर आली नाही, हे प्रतिभाने फोनवर सांगितलं. मी तेव्हा एका शाळेत तात्पुरती शिकवत होते. बाबांना सगळं सांगितलं, चिठ्ठीच्या त्या एका गोष्टीखेरीज. बाबा म्हणाले, "दोष त्या गावाचा आहे, तुझा नाही." ते बरोबर आहे. गावाचा आहेच. आजही म्हणते, ज्या गावात घासावरून सोयरिक मोडते त्या गावाविरुद्ध लिहिलं पाहिजे, ओरडलं पाहिजे, आणि मी ओरडते. पण ते गाव मी बदललं नव्हतं. मी फक्त त्या गावाला एका ओट्याचा पत्ता दिला होता. बारा बायकांनी कोणाच्या भाषणाशिवाय जे उभं केलं होतं, ते बाबांच्या सगळ्या पत्रकांत मागितलेलंच होतं. ते माझ्यासमोर परातीत होतं, मी ते खाल्लं, आणि मला ते ओळखू आलं नाही. पांढऱ्यातून रंगीत वेचून काढायचं काम त्या पोटासाठी करत होत्या. मी ते हौसेने केलं.

यंदा डिसेंबरात, सुट्टी लागली तशी, मी अकोल्याला गेले. मोर्णेकाठचा तोच बोळ. शमीम आपा दारात रजई भरत होती. तोंडात सुई, हाताखाली कापूस. मला पाहून तिने सुई काढली. "ये बेटा, बस."

मी बसले आणि आधी तेच सांगितलं. तुम्ही नको म्हटलं होतं, मी चिठ्ठी लावली.

"मालूम हाये. तुहं अक्षर ओळखू नाई येत का?" ती टाके घालत राहिली. टाका संपवून तिने दोरा दाताने तोडला. मग म्हणाली, "तू इज्जत द्याले गेली. खरं हाये, बेटा. पर मले इज्जत पाह्यजे नव्हती तिथं. मले जागा होती. थे गेली."

आत जाऊन तिने एक स्टीलचा डबा आणला. गरम होता, फडक्यात बांधलेला. म्हणाली, "प्रतिभाले सुट्टी हाये आज. तू फॅक्टरीवरून जाशीन ना? ओट्यावर ठेवून देजो."

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू उलगडलं. दर गुरुवारी प्रतिभा कामावर जाताना या बोळातून जाते. डबा नेते. संध्याकाळी डबा परत येतो, तो रिकामा येत नाही. कधी अंबाडी असते, कधी कापूसवेचणीच्या पूजेतला, सीतादहीचा दहीभात, कधी शेतातल्या हिरव्या शेंगा. कोणी कोणाला काही सांगत नाही.

"कोणाला देऊ म्हणून विचारलं तर?" मी म्हटलं.

शमीम आपा आता हसली. "तुह्याबिगर कोनी इचारलं नाई अजून."

फॅक्टरीच्या गेटवर पहारेकऱ्याने मला ओळखलं. शेडच्या मागच्या ओट्यावर मी डबा ठेवला. परात तिथेच होती, उलटी, तिच्यावर रुईचा जाड थर. पट्ट्यापलीकडून लीलाबाईंनी मला पाहिलं. डब्याकडे पाहिलं. त्यांची बोटं कापसात चालूच राहिली. त्यांनी काही खूण केली नाही, मीही केली नाही. एक वाजायच्या आत मी बाहेर पडले. एकचा भोंगा मी बसस्टँडच्या वाटेवर ऐकला.

हे लिहायचं की नाही, यावर मी महिनाभर घालवला. लिहिणं म्हणजे पुन्हा चिठ्ठी लावणंच. या वेळी विचारलं. प्रतिभा म्हणाली, "लिवा, पन मले शानी दाखवजा." लीलाबाई म्हणाल्या, "नातनीचं लगन झाल्यावर छापजो." लग्न झालं. शमीम आपाने फार विचार केला आणि म्हणाली, "पिंजनाचं लिही. थे खरं लिही. बाकी मले कोनी ओळखीन असं नोको लिहू."

म्हणून पिंजणाचं तेवढं सगळं जसंच्या तसं आहे. तो आवाज, तो उडालेला कापूस, तो म्हातारा हमाल. बाकी, तिघींचीही नावं ही नाहीत. बोळ मोर्णेच्या काठाचा नाही. डबा जातो तो वार गुरुवार नाही.

आणि भाजी वांग्याची नव्हती.